आय विल, या!

परदेशात शिकून आलेल्या माणसाला सगळे विचारतात, "मग, काय काय पाहिलंस?" मी २०२०च्या सप्टेंबरात एक्सचेंज सेमिस्टरसाठी आयर्लंडला गेले आणि काय पाहिलं? तर एक कुंपण! कॉलेज लॅपटॉपात, आणि थोड्याच दिवसांत पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी. तरी किस्से ढीगभर जमले, कारण कुंपणापलीकडे आमची घरमालकीण राहायची. मॉरीन. वय सत्तरच्या पुढे, आवाज सतराचा.

घर ॲडम्सटाउन स्टेशनजवळ. आम्ही तिघं: पुण्याची मी, मुंबईचा केदार (याला सगळं माहीत असतं) आणि नागपूरचा सारंग. सारंग एकुलता एक. त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, एकाच अटीवर पाठवला होता: डिसेंबरात परत! आणि सारंगला राहायचं होतं उन्हाळ्यापर्यंत, कारण ज्या लॅबसाठी एवढ्या लांब आला ती उघडणार जानेवारीत. "सगळं ऑनलाइनच आहे तर नागपुरातून कर न बाप्पा!" असं काकू रोज म्हणायच्या.

*

पहिल्याच सकाळी मॉरीनने कुंपणावरून हाक मारली, "वेल सारंग, व्हॉट्स द स्टोरी?"

म्हणजे नुसतं "काय चाललंय?" पण सारंगला वाटलं, मालकीणबाईंना आपली पूर्ण हकीकत हवीये. गड्याने बारावीच्या मार्कांपासून सुरुवात केली! मग इंजिनीअरिंग, मग व्हिसा, मग मावशीचा विरोध, मग विमानतळावर काढून घेतलेलं आंब्याचं लोणचं. मॉरीनच्या हातातला चहा गार झाला. मी आणि केदार खिडकीत कपाळाला हात लावून उभे.

तो एकदाचा थांबला. मॉरीन म्हणाली, "ग्रँड. अँड द पिकल? डिड यू गेट इट बॅक?"

त्या दिवसापासून सारंग तिचा लाडका. आम्ही दोघं फक्त भाडेकरू.

*

"कम हिअर टु मी" म्हणजे आयरिश इंग्रजीत "ऐक ना जरा." आम्हाला काय माहीत!

तेव्हा दोन मीटरचं अंतर म्हणजे देवाची आज्ञा. मॉरीन गेटपाशी उभी राहून म्हणाली, "कम हिअर टु मी, सारंग." सारंग आज्ञाधारक, दोन पावलं पुढे. ती दोन पावलं मागे. "नो, बट कम हिअर टु मी." हा आणखी पुढे. ती आणखी मागे! असं करत करत बाई स्वतःच्याच गुलाबाच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली.

"स्टॉप, फॉर द लव्ह ऑफ गॉड!"

"बट यू ओन्ली आर कॉलिंग!" सारंग कळवळून म्हणाला.

*

ऑक्टोबर संपत आला तशी जीन्स वाळेना. मॉरीनने सल्ला दिला, "पुट देम इन द हॉट प्रेस, पेट." ('पेट' म्हणजे बाळा.)

"प्रेस म्हणजे इस्त्री," केदारने जाहीर केलं. घर पालथं घातलं, इस्त्री नाही. दुकानं बंद. मग केदारचंच डोकं चाललं: कुकरात उकळतं पाणी भरा, बूड पुसा आणि फिरवा!

सारंग ओट्यावर जीन्स पसरून कुकर फिरवत होता. नेमका तेव्हाच काकूंचा व्हिडिओ कॉल चालू, आणि खिडकीत मॉरीन.

मॉरीन किंचाळली, "जीझस, इज ही कुकिंग देम?"

आणि काकू फोनमधून: "साधी इस्त्री नाही का त्या देशात? डिसेंबरात ये म्हणजे ये!"

प्रेस म्हणजे तिकडे कपाट. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, कपडे वाळवायचं. ते आमच्याकडे होतं की वरच्या मजल्यावर! त्यात आम्ही कांदे-बटाटे ठेवले होते. तरीच मेल्या सगळ्यांना कोंब!

*

एकदा मॉरीन मला म्हणाली, "युअर मॅन इज कमिंग थर्सडे." 'युअर मॅन' म्हणजे 'तो अमका', इथे बॉयलर दुरुस्त करणारा. सारंगने काकूंना शब्दशः सांगितलं, "आई, गुरुवारी हिचा माणूस येऊन राहिला."

काकूंनी फोन तोंडाजवळ आणला. मग हळूच म्हणाल्या, "पोरीचं लग्न केव्हा झालं रे? आम्हाला सांगितलंही नाही!"

गुरुवारी त्यांनी मला शुभेच्छा द्यायला फोन केला. मी बॉयलरवाल्याला चहा देत होते. काय बोलणार, थँक यू म्हटलं!

*

सारंगने एकदा सावजी रस्सा केला आणि वाटीभर मॉरीनला दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "टुडे आय मेक डबल स्पायसी. विल यू ईट?"

मॉरीन गोड हसली. "आय विल, या."

बिचारा दुपारभर खपला. पाट्यावर वाटल्याच्या वरताण मसाला वाटला. टेबल बागेत मांडलं. मॉरीन काही आली नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणावर तोंड पाडून उभा, तेव्हा तिने उलगडा केला: नुसतं 'आय विल' म्हणजे हो. मागे 'या' लागला की मुळीच नाही, जन्मात नाही!

केदार चक्रावला. "आपल्याकडे 'या' म्हणजे या. इथे 'या' म्हणजे येतच नाही!"

तो रस्सा आम्ही तिघांनी दोन दिवस डोळे पुसत संपवला.

*

डिसेंबर उजाडला. सारंगने काकूंना शेवटचं विनवून पाहिलं. लॅब उघडतेय, प्राध्यापिकेने जागा ठेवलीये, आई, प्लीज! रडवेला झाला होता हो, मलाही वाईट वाटलं. मॉरीन तेव्हा आमच्या बागेतच होती, गळ्यात मफलर, हातात सोडा ब्रेड, आणि मी हळूच तिला सगळं इंग्रजीत सांगत होते.

काकू म्हणाल्या, "तुझ्यावर माझा भरोसा नाही. त्या मॅडमला दाखव. जबाबदार बाई वाटते. ती म्हणेल तसं करू, मग विषय संपला."

सारंगने फोन भिंतीला टेकवला आणि मान खाली घालून बाजूला झाला.

काकूंनी पदर सारखा केला. "मॅडम, यू विल सेंड माय सन बॅक टू नागपूर धिस मंथ, नो?"

मॉरीनने सारंगकडे पाहिलं. मग फोनकडे पाहून अगदी गोड हसली.

"आय विल, या."

केदारला ठसका लागला. मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"ऐकलं न?" काकू खूश! "किती समजदार बाई! लगेच हो म्हटलं! आता ती म्हणाली तेच फायनल. मंजूर?"

"मंजूर, आई," सारंग म्हणाला. "ती म्हणाली तेच फायनल."