मधली भिंत

दरवर्षी वर्गात दाखवायला मी क्रांती चौकामागच्या खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणतो. बांधून देण्याआधी तो हृदयाच्या वरच्या जाड नळीत तांब्यानं पाणी ओततो. पाणी आत उतरत नाही, तिथंच साचतं. "बघा सर, झडप लागली. गेलेलं रगत वापस येत नाय." मी विज्ञान शिकवतो हे ठाऊक असूनही तो मलाच शिकवतो.

यंदा त्यानं पाणी ओतलंच नाही. हृदय उभं चिरून विचारलं, "नातीच्या दिलात छेद हाय म्हणतेत डॉक्टर. कुठं असंल?"

मी मधली भिंत दाखवली. "इथं. शुद्ध आणि अशुद्ध रक्त हिच्यामुळंच वेगळं राहतं."

त्यानं तिथं अंगठा दाबून धरला. गिऱ्हाइकं हाका मारत राहिली, पण त्यानं तो काढला नाही.