मामांची शिंक

माघातल्या अमावास्येला सकाळी कोपरच्या मिठाच्या आगरात माझ्या मामांची वाचा गेली. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसून मुलांची नावं वहीत लिहीत होतो. घोडा खाडीच्या नाळेत उभा होता. भरती लागली होती.

एवढं लिहायला मला चार दिवस लागले. पुढचं सांगण्याआधी मामा कोण आणि तो घोडा कोण हे सांगायला हवं. खरं तर ही दोन वर्णनं वेगळी करता येणार नाहीत. निम्मे मामा मामांच्या अंगात राहत आणि उरलेले निम्मे त्या घोड्याच्या, असा माणूस कल्याण तालुक्यात दुसरा झाला नाही.

मामा देवी डॉक्टर होते. म्हणजे औषधं देणारे नव्हेत. गावोगाव हिंडून मुलांच्या दंडाला देवी टोचायच्या, हे त्यांचं सरकारी काम. कल्याणात घर, आणि खडवलीपासून कळव्यापर्यंतची गावं त्यांच्याकडे. असल्या कामाला बाकीचे लोक तट्टू ठेवत. मामांनी मुंबईला जाऊन एका अरबाच्या तबेल्यातून अस्सल अरबी घोडा आणला. पांढरा, अंगावर मोहरी सांडावी तसे ठिपके, आणि मागच्या पायात किंचित उणा, म्हणून शर्यतवाल्यांनी नको म्हटलेला. नाव हबीब. हे नाव मामींच्या तोंडून कधी निघत नसे. "सासरे गेल्यापासून या घरात एवढा मान कुणाला मिळालेला नाही," असं म्हणून त्या त्याला 'थोरले' म्हणत. "थोरल्यांचा दाणा झाला का? मग आता धाकट्यांनी पानावर बसायला हरकत नाही."

संध्याकाळी मामा ओसरीवर बसून त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत. अग्रलेख पटला नाही की तो शेपटी झाडतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. मी एकदा म्हणालो, "मामा, डास चावतात त्याला." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाजारभाव वाचताना कुठे जातात रे डास?" हबीबने माझ्याकडे जे पाहिलं त्यात कीव होती. आमचं दोघांचं कधी जमलं नाही. आईवडलांमागे मी मामांच्याच घरी वाढलो, आणि हबीब आला तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होतो. एका ओसरीवर दोन हक्कदार झाले. त्याने माझ्या भूमितीच्या पुस्तकाचं दुसरं प्रकरण खाल्लं. मामा एवढंच म्हणाले, "पहिलं समजलं असेल त्याला."

मत्सर तर इतका, की मामांनी वाटेत कुणाच्या घोड्याला नुसतं थोपटलं तरी घरी आल्यावर हबीब त्यांचा हात हुंगे आणि भिंतीकडे तोंड करून उभा राही. मग मामा विहिरीवर जाऊन साबणाने हात धूत, आणि धुतलेले तळवे त्याच्या नाकापुढे धरत. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत. "आमचं लग्न होऊन तेवीस वर्षं झाली," त्या मला म्हणत, "मला कधी एवढं भ्यायले नाहीत."

त्या अरबाने विकताना मामांना एकच गोष्ट बजावली होती: हा बांधायचा नाही, लगाम जमिनीवर सोडलात की हा उभा राहील, तुम्ही येऊन उचलाल तोपर्यंत. मामांनी हे शब्दशः पाळलं. घरात दावं म्हणून ठेवलं नाही. लगामाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियमही त्यांनीच केला. एकदा ते बाजारात एका मित्राच्या दारात लगाम सोडून आत गेले, बोलता बोलता मित्राबरोबर मागच्या दाराने बाहेर पडले, आणि ठाण्याच्या गाडीत जाऊन बसले. ठाण्याला जेवताना घास हातातच राहिला आणि मामा उठले. परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. हबीब गल्लीच्या मधोमध जसाच्या तसा. एक वरात त्याला वळसा घालून गेली होती आणि कुणीतरी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती. मामांनी गल्लीत, लोकांसमोर, त्याला हात जोडले. दोन दिवस त्याने मामांकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवली, आणि मामा तसेच, मान वाकडी करून, अर्धा तास उभे राहिले.

राहिली गोष्ट शिंकेची. मामांना तपकिरीची सवय होती. रिकिबीत पाय घालण्याआधी डबी काढायची, चिमूट ओढायची आणि दोन शिंका द्यायच्या, असा रोजचा क्रम. हबीबने त्यातून आपल्यापुरता अर्थ काढला, की दुसरी शिंक म्हणजे निघायची आज्ञा. टाच नको, चाबूक नको. आता कुणी बाहेर पडताना शिंकलं तर त्याला परत आत बोलवून पाटावर बसवायचं, पाणी द्यायचं, मग सोडायचं, ही आमच्या घरची रीत. मामी पाण्याचा गडू घेऊन धावत येत, "अहो, बसा, घटकाभर बसा!" आणि तोवर मामांना घेऊन हबीब कोपऱ्यावर पोहोचलेला असे. सबंध नोकरीत मामा एकदाही शकुनाने घराबाहेर पडले नाहीत. दुसऱ्या कुणाची शिंक मात्र हबीबला चालत नसे. मी चोरून प्रयोग करून पाहिला होता. त्याने कानसुद्धा हलवला नाही.

कामात त्याचा उपयोग असा, की देवी डॉक्टर आला म्हटलं की आया पोरं लपवत. खडवलीला एका बाईने पोर कणगीत घालून वर सूप ठेवलं आणि शपथ घेऊन सांगितलं, "आमच्यात पोर नाय." मामांनी हबीबला दाराशी आणून उभं केलं. थोड्या वेळाने सूप वर उचललं गेलं आणि कणगीतून आवाज आला, "आये, घोरा चावतो का गं?"

त्या माघात शिवरात्रीची सुट्टी म्हणून मी ठाण्याहून आलो होतो. तिथल्या शाळेत मी मास्तर होतो. कोपरला आगरातल्या वस्तीवर एका घरी देवी आल्याची बातमी होती. मामांचा शिपाई तापाने पडला होता, म्हणून वही लिहायला मी जायचं ठरलं. मामींनी आदल्या रात्रीपासून धरलं होतं, "अमावास्या आहे. उद्या जा." मामा म्हणाले, "रोगाला पंचांग दाखवून येतेस का?" पहाटे दोन शिंका झाल्या. मामी गडू घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि मी शिपायाच्या तट्टावर बसून मागे निघालो.

वस्तीच्या अलीकडे खाडीची एक नाळ आत येते. ओहोटीला तिच्यात चिखल आणि मधोमध एक कातळ उघडा पडतो. मी तट्टू अलीकडे बाभळीला बांधलं. पलीकडचे मिठाचे बांध अरुंद. घोड्याच्या टापांनी ते फुटले असते, आणि दुसऱ्याचा बांध मामा फोडणार नाहीत. ते हबीबवरूनच चिखल ओलांडत कातळापर्यंत गेले आणि तिथे लगाम खाली सोडला. वस्तीचा पाटील बांधावर आला होता. तो म्हणाला, "रावसायब, घोरा थं नको. आज अवस हाय."

मामांचं डोकं घरच्या अमावास्येनेच तापलेलं होतं. "पाटील, अमावास्या तुम्हाला आणि आमच्या घरात," ते म्हणाले. "त्याला नाही."

पाटील माझ्याकडे बघत राहिला. तो उधाणाबद्दल बोलत होता. अमावास्येचं पाणी त्या नाळेत पुरुषभर चढतं, हे त्याला माहीत होतं. आम्ही दोघे शिकलेले. आम्हाला वाटलं, तो शकुनाबद्दल बोलतोय.

अकरा मुलं टोचून झाली. बारावं पुढे आलं तेव्हा मामांच्या हातातली सुई खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि तसेच कुशीवर गेले. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. मी "मामा, मामा" म्हणत होतो, आणि ते डोळ्यांनी उत्तर देत होते. लोकांनी खाट आणली. कुणी कांदा आणला, कुणी वैद्याला आणायला डोंबिवलीकडे धावलं. तेवढ्यात बाहेरून पाटलाची हाक आली.

"मास्तर, घोरा बुडतो!"

पाणी हबीबच्या पोटाला लागलं होतं. तो हलला नव्हता. मान वर, कान वस्तीकडे. दोन माणसं पाण्यातून त्याच्याकडे गेली होती. एकाचा दंड त्याने फोडला होता. लगाम पाण्याखाली होता. मी उतरलो. मला पोहता येत नाही. छातीपर्यंत पाण्यात जाऊन, पायाने चाचपून, मी लगाम वर काढला आणि ओढला. तो मला चावला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या डोक्यावरून तो बांधाकडे बघत होता.

मी ओरडलो, "खाट बाहेर आणा!"

चौघांनी मामांना खाटेसकट बांधावर आणलं. हबीब एकदा खिंकाळला. मामांच्या घशातून आवाज आला, पण ती हाक नव्हती. पाणी त्याच्या छातीच्या वर गेलं. मी बांधावर चढलो. मामांचा डावा हात अंगरख्यावर खरडत होता, पुन्हा पुन्हा, खिशाच्या जागी. त्या खिशात तपकिरीची डबी होती.

ते डबी मागत होते, की तो हात नुसताच हलत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. मी डबी काढली. पाटलाची आई माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "मास्तर, नको रं. ह्यो मानूस अर्धा जेलाय. शिंकंल तं उरला जीव जाईल."

मी नाळेकडे पाहिलं. पाण्यावर आता मान आणि पाठीची एक रेघ होती. मी मामांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे नव्हते, त्याच्याकडे होते. मी चिमूट त्यांच्या नाकाशी धरली.

पहिली शिंक आली तेव्हा त्यांचं सगळं अंग खाटेवरून उचललं गेलं. हबीबचे कान पुढे झाले. दुसरी येईना. मामांचा चेहरा काळा पडला, श्वास अडकला, आणि मी त्यांचा हात धरून मनात म्हणत होतो, नको, राहू द्या, जाऊ दे तो घोडा. मग दुसरी आली. हबीबने पाण्यात उडी घेतल्यासारखं अंग फेकलं आणि पोहत, घसरत, चिखलात दोनदा बसत तो वर आला. बांधावर चढून त्याने आपलं ओलं नाक मामांच्या तळहातात घातलं. बांध फुटला.

मामा नऊ दिवस होते. खाट ओसरीवर ठेवली होती आणि हबीब अंगणातून मान आत घालून उभा असे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर थोडाही ताण पडायला नको होता, खोकलासुद्धा. मी मान डोलावली. मामींकडे पाहिलं नाही.

तेरावं झाल्यावर मी मामींना सांगितलं. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. पाटलाची आई काय म्हणाली तेही. त्यांचे हात थांबले नाहीत. त्या म्हणाल्या, "अरे, न शिंकता हे कधी कुठे निघालेत का?" आणि पदर डोळ्यांना लावून थोडं हसल्या.

पुढे हबीबवर कुणी बसलं नाही. मामी रोज संध्याकाळी त्याला अंगणात फिरवत, लगाम न लावता. एकदा मी नकळत आलो, तर त्या त्याच्यासमोर डबी घेऊन उभ्या होत्या. चिमूट ओढली, दोन शिंका दिल्या. तो त्यांच्याकडे प्रेमाने बघत तसाच उभा राहिला. "माझी शिंक ओळखतात मेले," त्या म्हणाल्या, आणि त्याची मान पुसू लागल्या. तो गेला तेव्हा त्यांनी त्याला नावाने हाक मारली. तेवढी एकदाच.

आता मामी नाहीत. घर दुसऱ्यांचं आहे. डबी माझ्या टेबलावर आहे. तिच्यात दोन चिमटी तपकीर आहे.