वायपरच्या भेगा

मी गाडीच्या वायपरला कोकमतेल लावलं होतं, हे खरं आहे. पण का लावलं, हे कोणी विचारतच नाही.

भाचीचा साखरपुडा सावर्ड्याला होता. दोन्ही अंगठ्या मी रत्नागिरीत करून घेतल्या होत्या आणि साडेअकराच्या मुहूर्ताआधी त्या पोचवायच्या होत्या. बहिणीने चार वेळा बजावलं होतं, "दादा, एसटीने ये." (तिच्या या भावाने मे महिन्यात गाडी घेतलेली असताना! जुनी असली म्हणून काय झालं?)

आदल्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, ते वायपर बघा. रबराला भेगा पडल्यात. नवे घाला."

नवे मी गाडीबरोबरच आणले होते! पाकीटबंद, डिकीत, जुन्या चादरीखाली. पण आमच्या घरात नवी वस्तू लगेच वापरायची पद्धत नाही. नवे कप पाहुण्यांसाठी. नवी चादर पाहुण्यांसाठी. नवी छत्री पावसात भिजून खराब होते, म्हणून ती कपाटात. मग ऐन श्रावणात नवे वायपर कोण काढणार? हे बायकोला पटलं नसतं, म्हणून मी सांगितलंच नाही.

"भेगाच ना?" मी म्हणालो. "आई, कोकमतेल कुठाय गं?"

"टाचा फुटल्या काय रे?"

"वायपरच्या."

आईने निमूट गोळा आणून दिला. तो वाटीत पातळ करून मी दोन्ही रबरांच्या भेगांत बोटाने जिरवला. रबर इतकं चकचकीत झालं की मी शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं!

सकाळी आम्ही दोघं निघालो, हातखंब्यापर्यंत कोरडं होतं. पुढे पावसाने गाठलं आणि मी ऐटीत वायपर सुरू केला. पहिल्या फेरीत रस्ता गेला. दुसऱ्या फेरीत डोंगर गेले. तिसऱ्या फेरीला काचेवर ताक सांडल्यासारखं झालं.

"अहो, ट्रक!"

"कुठे?"

"समोर!"

"समोरचं काही दिसत नाहीये!"

"म्हणून तर सांगतेय!"

मग मी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी हाकू लागलो. बायको पलीकडून हात काढून रुमालाने काच पुसत होती. तो रुमाल तिच्या नव्या पैठणीचा जोडीदार होता, हे मला नंतर बरेच दिवस ऐकावं लागलं. तेवढ्यात बहिणीचा फोन.

"दादा, कुठे आहेस?"

"आलोच!" (संगमेश्वर अजून यायचं होतं.)

शेवटी एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. टपरीवाल्या मावशी आमचे अवतार बघतच राहिल्या.

"कुठं चाललाव असे? आणि काचंला काय लावलाव?"

"कोकमतेल," बायको म्हणाली. मी दुसरीकडे बघत होतो.

"अवो, ते टाचंला लावतात!"

मावशींनी भांड्यांचा साबण दिला. काच घासली, लख्ख झाली. वायपर सुरू केला, पुन्हा ताक! मी भेगाभेगांत जिरवलेलं तेल असं थोडंच सुटणार होतं? मला माझाच असा संताप आला की सांगता सोय नाही. साडेदहा वाजून गेले होते. बायकोचे डोळे भरून आले.

"मामामुळे पोरीचा मुहूर्त चुकला म्हणतील हो सगळे. जन्मभर म्हणतील!"

आता मात्र मला राहवेना. "डिकीत... नवे आहेत."

"काय नवे?"

"वायपर."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

ती खाली उतरली, पाकीट फाडलं आणि त्यावरचं चित्र बघून पाच मिनिटांत दोन्ही बसवून मोकळी झाली. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. (जुनीच. तीन काड्या मोडलेली.)

अकरा पंचविसाला आम्ही मांडवात शिरलो. बहिणीने माझ्या तेलकट हातातून अंगठ्या ओढून घेतल्या आणि नाक मुरडून विचारलं, "दादा, टाचा फुटल्यात का रे तुझ्या?" अंगठ्या वेळेवर बोटांत गेल्या. भाची लाजली, मला मात्र रडूच आलं.

येताना पाऊस कोसळत होता, पण काच आरशासारखी स्वच्छ. काय सुंदर चालत होते ते वायपर! घरी आल्यावर मी ते अलगद काढले, कोरडे पुसले आणि चिकटपट्टी लावून पुन्हा पाकिटात ठेवले. भाचीचं लग्न डिसेंबरात आहे. तेव्हा घालीन म्हणतो.