मिनेझिस मास्तरांची जाड तार

संगीत थेट माणसाच्या काळजाला भिडतं. तलासरीतल्या एका शाळेच्या सभागृहात शाल-श्रीफळ स्वीकारून प्रमुख पाहुण्यांनी हे पुन्हापुन्हा सांगितलं. मिनेझिस मास्तर मागे उभे राहून आपला डबल बास सुरात लावत होते. त्यांना भाषण ऐकू येत नव्हतं. बहिरेपणाची तेवढी एक सोय होती.

मास्तरांचा जन्म मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात गेला, मागच्या रांगेत. डबल बास म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन. उभ्याने वाजवायचं, आवाज जमिनीतून आल्यासारखा. निवृत्त होऊन ते बायकोच्या माहेरी डहाणूला आले. बायको वर्षभरात गेली, ते राहिले. २०१५ पासून वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते दर रविवारी मोठ्या माणसांना शिकवत. टिकलो आम्ही तिघं. सुके बोंबील विकणाऱ्या सुमनताई आणि कचेरीत कारकून असलेला मी व्हायोलिनवर. तलासरीचे वरठे गुरुजी चेलोवर, म्हणजे बसून गुडघ्यांत धरायच्या मोठ्या व्हायोलिनवर.

पहिले कित्येक महिने त्यांनी आम्हाला सूर लावण्यापलीकडे काही करू दिलं नाही. “आधी कान लाव. हात मग,” हे त्यांचं पालुपद. एवढ्या वेळात आपण नवं जाळं विणून दर्यात सोडलं असतं, असं सुमनताईंनी एकदा ऐकवलं. मास्तर म्हणाले, “जाळ्याची भोकं पण सारखीच लागतात ना, बाई?” सुमनताई पुन्हा खुंटी पिळू लागल्या.

आपल्या वाद्याबद्दल त्यांना गैरसमज नव्हते. “बासला कोण ऐकत नाय, बाबा. पण बास थांबला, की समदे वर बघतात. काय गेला ते कळत नाय, पण काय तरी गेला.”

२०१८च्या पावसाळ्यात त्यांचा डावा कान गेला. उजवाही फार दिवसांचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. बंद खोलीत जवळचं त्यांना अजून ऐकू येई, उघड्यावर नाही. त्यांनी आमच्यासाठी एक सोपी चाल लिहिली आणि एवढंच मागितलं, “लोकांसमोर एकदा तिघं मिळून वाजवा. मला ऐकू येतंय तोवर.”

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात जमीन हलू लागली. आधी खालून घरघर, मग धक्का. तलासरीकडची माणसं थंडीत अंगणात झोपू लागली. घरघर झाली की बाहेर पळायचं, हे लहानथोर सगळ्यांच्या अंगात भिनलं. तरी गुरुजींच्या शाळेत कार्यक्रम ठरला. चालीची सुरुवात बासच्या सगळ्यात जाड तारेने, तीही एकटीने होते, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नाही.

भाषण संपवून पाहुणे बसले. मास्तरांनी डोळे मिटून जाड तारेवर गज ओढला. वरचे पत्रे थरथरले आणि सभागृह उठलं. सगळ्यांत पुढे, खांद्यावरच्या शालीसकट, प्रमुख पाहुणे होते. लोक पळताहेत म्हणजे धक्का खराच, असं वाटून आम्हीही पळालो. गुरुजी चेलो कवटाळून.

पटांगणातून आत दिसत होतं. मास्तर वाजवतच होते. आमची जागा आली तशी त्यांनी हनुवटी उचलून खूण केली, थोडं थांबले, मग डोळे उघडले.

सुमनताई त्यांना आणायला आत गेल्या. त्यांनी कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. मास्तर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, “आजपर्यंत बास ऐकला तो फक्त यांनी.”

लोक पुन्हा छपराखाली यायला तयार होईनात. शेवटी आम्ही पटांगणातच चाल वाजवली. मास्तर समोर खुर्चीवर बसले होते, उजवा कान आमच्याकडे करून. ते आमच्या गजांकडे बघून मान डोलवत होते, पण ताल चुकत होता. आमचं संपलं, सुमनताईंनी व्हायोलिन खाली ठेवलं, तरी त्यांची मान चालूच होती. मग ते म्हणाले, “छान. सुरात होता.”

सुमनताईंनी पदर तोंडाला लावला.

त्यानंतर वर्ग भरला नाही. पुढच्या पावसाळ्यात मास्तर झोपेतच गेले. शोकसभा मोकळ्या मैदानात झाली. तिथे त्यांचा उल्लेख ‘थोर व्हायोलिनवादक’ असा झाला.

बास वाचनालयातच आहे, कोपऱ्यात भिंतीला टेकवून. जमीन हलायला लागली की कोणाला कळायच्या आधी त्याची जाड तार गुणगुणते. ग्रंथपालांनी आपलं टेबल त्याच्या शेजारी हलवून घेतलं आहे.