गळत नाही, घाम येतो

"गळत नाही रे. घाम येतो तिला."

काका हे इतक्या गंभीरपणे म्हणत की विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होई. 'ती' म्हणजे त्यांची जुनी पिकअप. भुईगावच्या आमच्या वाडीतली केळी आणि फुलं वसई रोड स्टेशनावर पोचवायची ती. एरवी बावखलाच्या काठी, चिंचेखाली उभी असे. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. सगळ्यांची बागायत त्याच्यावर. गाडीच्या पोटाखाली काका रोज केळीचं पान अंथरत, पाहुण्याला वाढावं तसं. सकाळी पानावर काळं तेल साचलेलं असे. काका ते पान मुकाट्याने गुंडाळून नेत आणि नवं मांडत.

घरातलं कोणी आजारी आहे हे कबूलच न करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका त्यातले.

मी तेव्हा नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. आमच्या घरातून तिथवर पोचलेला पहिलाच. तेव्हापासून काकांनी मला नावाने हाक मारणं सोडलं. "काय कॉलेज, जेवलास?" मला संकोच वाटे, पण थांबवावं कसं ते कळत नसे.

श्रावणातल्या एका सरीत पानावरचं तेल वाहून गेलं आणि बावखलावर रंगीत तवंग पसरला. संध्याकाळी माझे वडील शेजाऱ्यांना घेऊन काकांच्या ओटीवर गेले.

"येत्या रविवारपर्यंत गळती थांबली नाही, तर गाडी वाडीत नको."

"अरे, गळत नाही, घाम..."

"घामपण नको," वडील म्हणाले.

बाहेरचा रस्ता बैलगाडीपुरता, तिथे गाडी उभी करायला जागा नाही. गाडी वाडीत नको याचा अर्थ गाडी विका, एवढाच होता. स्टेशनाजवळच्या मिस्त्रीने वाकून खालून पाहिलं आणि सांगितलं, इंजिनाचं मागचं, तेल अडवणारं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. काकांनी बॉनेटवर हात ठेवला. "या वयात उतरवलं तर परत उठायची नाही ती," म्हणाले आणि गाडी घरी आणली.

मग मला बोलावणं आलं. "कॉलेज, तू बघ." मी विज्ञान शाखेला होतो हे खरं, पण तिथे अजून आमचं बेडूक कापणंच चाललं होतं. ते सांगायचा धीर झाला नाही. शनिवारी सकाळपासून आम्ही दोघं गाडीखाली उताणे पडून होतो. थेंब पुसायचा, पुन्हा कुठून येतो ते बघायचं. दर वेळी इंजिनाच्या मागच्या टोकाकडूनच येई.

"मिस्त्री बरोबर असेल बहुतेक," मी हळूच म्हणालो. काकांनी फडकं पिळलं आणि पुन्हा तोच थेंब पुसला.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांना फक्त आमचे पाय दिसत असणार.

"अहो, तुम्हाला घाम कुठे येतो?"

"आत्ता काय त्याचं?"

"सांगा तर."

"कपाळाला."

"आणि टपकतो कुठून?"

काकांनी तेलकट बोट कपाळावरून खाली फिरवत नेलं.

"हनुवटीवरून," काका म्हणाले.

"मग सकाळपासून दोघं हनुवटीखाली काय करताय?"

आम्ही बाहेर आलो. सगळं इंजिन वरपासून रॉकेलने पुसलं, वाळवलं. काकूंनी लग्नकार्याला लावायची पावडर आणली आणि स्वतःच्या हाताने त्यावर शिंपडली. असं नटवलेलं इंजिन घेऊन आम्ही उमेळ्यापर्यंत जाऊन आलो. बॉनेट उघडलं. पांढऱ्या इंजिनावर एकच काळा ओघळ होता. वरच्या, तेल भरायच्या झाकणापासून निघून मागच्या अंगाने खाली गेलेला.

काकांनी झाकण फिरवून काढलं. आत पॅकिंगच्या जागी केळीचं सोपट, म्हणजे खोडाची सोललेली साल, गुंडाळलेलं होतं. आमच्याकडे फुलांचे हार, पानाच्या जुड्या, कुंपणाच्या काठ्या, सगळं या सोपटानेच बांधतात. कधीतरी कामणच्या रस्त्यात पॅकिंग तुटलं, तेव्हा काकांनी तात्पुरतं म्हणून ते गुंडाळलं होतं. नंतर विसरले. इंजिनाच्या उष्णतेने ते वाळून आकसलं होतं.

रविवारी वडील आले. काकांनी सोपट त्यांच्या हातात दिलं.

"माझंच आहे."

वडिलांनी ते उलटसुलट पाहिलं. "गुंडाळलंय मात्र छान," म्हणाले आणि चहाला बसले.

झाकणाला नवं पॅकिंग बसलं, गळती थांबली. पान अंथरणं थांबलं नाही. कोरडं पान घेऊन काका सकाळी दारोदार दाखवत फिरत. आमच्याकडे आधी येत.

काका गेले तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. गाडी चिंचेखाली तशीच उभी राहिली. पण तिच्याखालचं पान मात्र रोज ताजं दिसे. ते कोण बदलतं, हे मी काकूंना कधी विचारलं नाही.

पुढे कामणचा एक माणूस गाडी बघायला आला. खाली वाकून त्याने विचारलं, "तेल गळतं का हो?"

काकूंनी पान ओढून काढलं, त्याच्यासमोर धरलं.

"बघा ना," त्या म्हणाल्या. "आता घामसुद्धा येत नाही."