केबलवरच्या विटा

इंटरकॉम असताना आमचा वॉचमन तिवारी तीन मजले चढून दारात आला, तेव्हाच काहीतरी विपरीत घडलंय हे कळलं. "साहब, म्हात्रेभाई गया," तो म्हणाला. "करंट ने खा लिया." बोलताना त्याने उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरलं होतं. ते मनगट खूप वर्षांपूर्वी म्हात्रेनेच मोडलं होतं... आणि म्हणूनच ही बातमी सांगायला तिवारी जिवंत होता.

हरेश्वर म्हात्रे हा खारी गावचा वायरमन. भाईंदर पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागूनच त्याचं घर. त्याचा बाप मिठागरात राबला, आई याच पट्ट्यात भात लावायची. त्या जमिनीवर इमारती आल्या आणि म्हात्रे त्या इमारतींचे फ्यूज बदलू लागला. याबद्दल तो कधी हळवा होऊन बोलला नाही. शिव्या मात्र मनापासून द्यायचा.

मी गिरगावातून इथे राहायला आलो आणि वर्षभरात सोसायटीचा सेक्रेटरी झालो, कारण निवडीच्या सभेला मी उशिरा पोचलो. अध्यक्षांना बागेत दिव्याचे खांब हवे होते आणि उद्घाटनाला नेते हवे होते. दुसऱ्या गोष्टीची तयारी आधीच झाली होती. म्हात्रेला इस्टिमेटसाठी बोलावलं. त्याने पहारीने बागेचा कोपरा उकरला, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि अध्यक्षांच्या बुटाशेजारी थुंकला.

"खारट हाय. लोखंडी पाइप घालू नका, ही माती लोखंड खाते. जाड प्लास्टिकचा दुपदरी पाइप घ्या. केबल साधी नको, आत पोलादी तारांचं कवच असलेली आर्मर्ड पायजे. कमरेएवढं खना, खाली वालू, वर वालू, आनि त्यावर विटांची रांग."

"माती चाखून इस्टिमेट देतोस?" अध्यक्ष हसले. "आणि प्लास्टिक लोखंडापेक्षा मजबूत?"

"मजबूत न्हाय, शेठ. पन गंजत न्हाय."

काम टाय लावून आलेल्या एका कंत्राटदाराला गेलं. त्याने लोखंडी पाइप दाखवला, आणि लोखंड दिसलं की आम्हा नोकरदारांना निर्धास्त वाटतं. आत घरातली साधी वायर, खोली जेमतेम वीतभर. कागदावर सही माझी. उद्घाटनाला अंधार, उजेड आणि संस्कृती यांवर पाऊण तास भाषण झालं. फलकाचा ग्रॅनाइट उत्तम होता. त्याची जाडी मी स्वतः पट्टीने मोजली होती. केबलची मोजली नव्हती.

तिसऱ्या श्रावणात एका ओल्या संध्याकाळी तिवारीने बागेतल्या खांबाला हात टेकला आणि तो हात तिथेच राहिला. तो ओरडला नाही. दात आवळलेले, गळ्यातून घरघर, आणि पाय चिखलात नाचल्यासारखे आपटत होते. तळहाताखालून जळक्या कातड्याचा वास येऊ लागला. झोपाळ्यावरची पोरं गंमत वाटून त्याच्याकडे धावली; मी गॅलरीतून किंचाळत जिना उतरलो. तोवर म्हात्रे मागच्या भिंतीवरून उडी टाकून आला होता. मंडपासाठी शेडमध्ये रचलेल्या बांबूंतला एक कोरडा बांबू उपसून त्याने तिवारीच्या मनगटावर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज आला आणि तिवारी मागे कोसळला. म्हात्रेने पोरांना बखोटीला धरून अक्षरशः भिरकावलं, मीटर रूममध्ये जाऊन फ्यूज उपसले, खिशात टाकले, आणि परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"कागदावर सही कोनाची हाय?"

"माझी," मी म्हणालो.

त्याने माझ्या कानाखाली अशी वाजवली की चष्मा तुळशीच्या कुंडीत गेला.

कमिटीत अध्यक्षांनी कर्मचारी आणि सेक्रेटरी यांच्यावरील हल्ल्याच्या निषेधाचा ठराव मांडला. मार खाणाऱ्या दोघांना कोणी काही विचारलं नाही. मी तो ठराव इतिवृत्तात लिहिलाच नाही. माझ्या कारकिर्दीतलं तेवढं एकच शौर्य. सभा चालू असतानाच म्हात्रे आत आला आणि उकरून काढलेला पाइप त्याने टेबलावर आपटला. करंजीचं कवच फुटावं तसा त्याचा चुरा चहाच्या कपांत उडाला. गंजलेल्या कडेने वायरची कातडी उभी चिरली होती. "घ्या, तुमचा मजबूत," तो म्हणाला.

नवं काम त्याने केलं. सामान घ्यायला मी सोबत गेलो. दुकानात तो प्रत्येक पाइप फरशीवर ठेवून हातोड्याने ठोकायचा. "अरे, तोड़ेगा क्या?" दुकानदार ओरडला. "तोडनेकोच आया है. जो नहीं टूटेगा, वो लेगा." केबलचं बाहेरचं आवरण तर तो बोटांनी इंच इंच चाचपायचा, एक ओरखडा दिसला की अख्खं भेंडोळं परत. त्या कातडीतून खारं पाणी आत शिरलं की पोलादी कवचही गंजतं, हे मला तेव्हा कळलं. चराच्या काठावर खुर्ची टाकून मी आठवडाभर बसलो. या खेपेला मोजपट्टी माझ्या हातात होती.

"विटा कशाला?" मी विचारलं. "धोक्याची लाल पट्टी पुरली की झालं ना?"

"पट्टी वाचावी लागते, सेक्रेटरी. टिकाव वाचत न्हाय. टिकावाला वीट लागली की हात थांबतो."

त्याच्या वेळी मात्र हात थांबवायला वीट नव्हती. एका नव्या कॉम्प्लेक्सच्या बागेत, चरात बसून तो केबल जोडत होता. जुन्या इमारतीत फ्यूज काढून खिशात घालायची त्याची सवय. खिशात फ्यूज असले की वीज आपल्या ताब्यात, असं म्हणायचा. तिथे खिशात घालण्याजोगं काही नव्हतं, नुसता एक खटका. त्याने खटका पाडून त्यावर 'काम चालू आहे' असा पुठ्ठा टांगला. उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे वेळेआधी आले. (आयुष्यात एकदाच.) कारंजं उडायला हवं म्हणून कोणीतरी पुठ्ठा बाजूला केला आणि खटका वर केला... बँडच्या आवाजात कोणाला काही ऐकू आलं नाही.

खारीला भेटायला गेलो, तेव्हा त्याची बायको, सुमनवहिनी, म्हणाली, "लोक उभं व्हतं, भाऊ. फोटो काढीत व्हतं. बांबू मारनारा कोन न्हवता."

गेल्या आठवड्यात पाण्याची नवी लाइन टाकायला आमच्या बागेत चार मजूर आले. त्यांना केबलची जागा दाखवायला मी खाली निघालो होतो. जिन्यात दोन जण भेटले, बोलण्यात वेळ गेला. मी पोचलो तेव्हा खड्डा गुडघ्याच्या वर गेला होता आणि एका मजुराचा टिकाव डोक्यावर होता. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तो खाली आला. खण्णकन आवाज झाला. टिकाव उसळला, मजुराने हात झटकत एक कचकचीत शिवी दिली. "कौन गधा इधर ईंटा गाड़ के गया?"

"म्हात्रे," तिवारी म्हणाला.

मी खड्ड्यात उतरलो. एका विटेचे दोन तुकडे झाले होते, बाकी ओळ सरळ होती. खालच्या वाळूला धक्काही नव्हता. तिवारीने शेडमागून एक अख्खी वीट आणली, ती मी फुटलेल्या विटेच्या जागी बसवली. बोटांना माती लागली होती. कोणी बघत नाही असं पाहून जिभेवर ठेवली. खारट होती. थुंकलो, आणि मजुरांना खांबापासून चार फूट लांब खणायला सांगितलं.