नलिनीताई आणि ‘निवांत’

नलिनीताई मयेकर घरात नवऱ्याला ‘अहो’ म्हणत आणि बोटीवर ‘अरे’. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर, त्यामुळे ‘अहो’ मला रोज ऐकू येई. ‘अरे’ पहिल्यांदा ऐकलं ते त्यांनी मला हौसेने बोटीवर नेलं तेव्हा. धक्क्यावर असेपर्यंत “अहो, पिशवी द्या इकडे” चाललं होतं. शीड वर चढलं आणि बाई कडाडल्या, “अरे सुधीर, दोर सोड! झोपलास काय?” मी चपापले. त्या हसून म्हणाल्या, “वारा फिरला की ‘अहो, ऐकलंत का’ म्हणायला वेळ कुठे असतो गं?”

दोघंही मूळची मालवणकडची. त्या टेलिफोन खात्यात, सुधीरभाऊ मुलुंडच्याच एका कारखान्यात. निवृत्तीनंतर लोक गावाला घर बांधतात. यांनी तीस फुटी शिडाची बोट घेतली, जुनीच. नाव ठेवलं ‘निवांत’. आत दोन बाकं, एक शेगडी आणि उभं राहिलं तर डोक्याला लागेल असं छप्पर. पाऊस संपला की दोघं किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन असं हिंडत. हौस भाऊंची, पण सुकाणू बाईंचं. आधी त्यांना पाण्याची भीती वाटायची म्हणे. “भीती वाटते म्हणूनच सुकाणू मी घेतलं,” त्या सांगत. “दुसऱ्याच्या हातात असलं की जास्त वाटते.”

एकदा त्यांनी ते अवाढव्य शीड धुऊन आमच्या पार्किंगमध्ये वाळत घातलं. सेक्रेटरी धावत खाली आले. “मयेकर, लग्न कोणाचं आहे? मांडव कसला घातलाय?” भाऊ गडबडले. नलिनीताई शांतपणे म्हणाल्या, “आमचंच. येताय का, जागा आहे एकाची.” सेक्रेटरी पुढे खरंच दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा त्यांना बोट लागली.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ती दोघं मुरूडच्या दक्षिणेला होती. सकाळचा चहा झाल्यावर भाऊ म्हणाले, छातीत जळजळतंय, जरा आत पडतो. थोड्या वेळाने बाईंनी हाक मारली, उत्तर आलं नाही. त्या खाली गेल्या. त्यांनी छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, जे जे शिकवलं होतं ते सगळं केलं. फोनला रेंज नव्हती. सुकाणू सुटल्यामुळे बोट आडवी व्हायला लागली तेव्हा त्या वर आल्या आणि जवळच्या एका लहान बंदराकडे त्यांनी बोट वळवली. वाटेत मासेमारीची एक बोट भेटली. “दोर टाका, ओढून नेतो,” ते लोक म्हणाले. “ओढू नका,” बाई म्हणाल्या, “नुसते बाजूने चला.”

धक्क्याला लागल्यावर त्यांनी बोट बांधली, शीड उतरवलं, घडी घातली, घट्ट आवळलं. डॉक्टर आणायला सांगितलं ते त्यानंतर.

ही हकीकत त्या मासेमारांकडून नातेवाइकांपर्यंत पोचली. तेराव्या दिवसाला आलेल्या त्यांच्या जाऊबाई माझ्यासमोरच स्वयंपाकघरात कुजबुजल्या, “नवरा आत गेलेला आणि ही बाहेर घड्या घालत बसली होती!” नलिनीताई दारात होत्या. त्यांनी ऐकलं. सगळे पांगल्यावर मला म्हणाल्या, “शीड तसंच ठेवलं असतं तर बोट धक्क्यावर आपटत राहिली असती. तो आत होता ना गं.”

एवढंच. रडल्या नाहीत. तेव्हाही नाही, पुढे कित्येक महिने नाही. भाजी आणत, सोसायटीच्या मीटिंगला येत, विचारलं तेवढं बोलत. एकदा दाढ काढून आल्या. मी विचारलं, “दुखतंय का?” तर म्हणाल्या, “इंजेक्शन उतरलं म्हणतात. मला फरक कळत नाही.” मुलगा कॅनडाहून सांगायचा, आई, बोट विकून टाक. त्या म्हणायच्या, “बघू.” मीही त्यांच्याशेजारी नुसती बसत असे.

बोट त्या बंदरातच पावसाळाभर काठावर काढून ठेवली होती. ऑक्टोबरात त्यांनी फ्लॅट भाड्याने दिला आणि भाऊंच्या चुलतभावाला सोबत घेऊन बोटीने मालवणला जायचं ठरवलं. कायमचं. मी गाडीने त्यांना सोडायला गेले. धक्का अगदी लहान होता, दोन कुत्री आणि वाळत घातलेली जाळी. जानेवारीतल्या त्या दिवशी बोट कुठल्या खुंटाला बांधली होती, ते मी विचारलं नाही.

“असं पुन्हा पाण्यावर जायची भीती नाही वाटत, ताई?”

त्या सामान आत देत होत्या, थांबल्या. “वाटायला हवी. अजून काहीच वाटत नाही गं. कधीतरी वाटायला लागेल ना, तेव्हा मुलुंडच्या लिफ्टमध्ये नसावं, पाण्यावर असावं. बस.” मग माझ्या गालाला हात लावून बोटीत उतरल्या. मागे वळून बघितलं नाही. सुकाणूवरच्या माणसाला पुढे बघावं लागतं.

डिसेंबरातल्या एका दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. “बोटीवर आहे, देवगडच्या बाहेर,” म्हणाल्या, आणि पुढे शब्दच फुटेना. मग मला रडणं ऐकू आलं. मोठ्याने, बाईमाणसाने गावात रडावं तसं, आणि मागे पाण्याचा आवाज. मी उठून जिन्यात जाऊन बसले. येणारेजाणारे बघत होते. मी फोन कानाला धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने त्यांनी नाक ओढलं. “ठेवते गं आता,” म्हणाल्या, “भूक लागलीय.”